मागच्या पानावरचं उत्तर

“उत्तर जुळतंय ना, सर? मग एवढं काय बघताय?”

उपाध्ये सरांनी वहीतून मान वर केली नाही. कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाल्याला बारा वर्षं झाली होती, तरी मिरजेतली मुलं अडलेली गणितं घेऊन त्यांच्या घरी येत. ही केतकी हिरेमठ मात्र कुठे अडलेली दिसत नव्हती. वर्गात पहिली येणारी मुलगी. म्हाताऱ्याचं डोकं अजून चालतं का, हे बघायला तर आली नाही ना?

गणित साधं होतं. मीटरभर लांबीची पट्टी एका टोकाला टांगली, तर जाऊन-येऊन एका पूर्ण झोक्याला किती वेळ लागेल?

केतकीचं उत्तर, ०.८२ सेकंद. पुस्तकाच्या मागच्या पानावरही ०.८२.

“कुणाची वही समोर ठेवून उतरवलंस?”

“मी? वर्ग माझी वही उतरवतो, सर!”

सरांनी पान खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. शाईखाली खोडलेली पेन्सिल दिसली. १.६४.

“आणि हे?”

“ते... आधी आलं होतं. मागं जुळेना. मग सूत्रात टोकाच्या वन बाय थ्रीच्या जागी मध्याचं वन बाय ट्वेल्व्ह घातलं.”

“का?”

“जुळलं ना.”

सरांनी स्वतः मांडून पाहिलं. १.६४. पुन्हा मांडलं. हल्ली स्वतःच्या आकडेमोडीवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. तिसऱ्यांदाही तेच.

ते उठले. कपाटामागून जुनी लाकडी मीटरपट्टी काढली, टोकाच्या भोकातून दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला अडकवली.

“मोबाइलवर वेळ लाव. जाऊन येऊन एक. असे दहा.”

दोघांनी मोजले.

सोळा सेकंद, वर थोडं.

“म्हणजे पुस्तकच चुकलंय!” केतकी हसली. मग तिचं हसू मावळलं. “पण कॉलेजात मागचं पान बघूनच तपासतात, सर. उद्या वही द्यायची आहे, खरं लिहिलं तर दहापैकी शून्य. पहिला नंबर गेलाच माझा.”

“हं.”

तिनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

“तुम्हीही हेच पुस्तक शिकवायचात ना?”

“तीस वर्षं.”

“मग हे गणित तुम्ही कसं तपासायचात?”

पट्टीचे झोके लहान होत चालले होते. सरांना एक मुलगा आठवला. १.६४च बरोबर, म्हणून वर्गात हटून बसलेला. त्याला त्यांनी तास संपेपर्यंत दाराबाहेर उभं केलं होतं. नाव आठवेना.

“सांगा ना, सर. उद्या काय लिहू?”

सर हलत्या पट्टीला चुकवून उंबऱ्याबाहेर गेले, आणि तिथेच उभे राहिले.

“आत या ना, सर...”

“मला नको विचारूस,” ते बाहेरून म्हणाले. “मीही मागचं पान बघूनच तपासणारा होतो.”