निळीचा भुकेला रांजण

निळ्या कापडांच्या गावात कुमुद नावाची एक चिमुरडी राहायची. अंगात विरलेला परकर, पाय अनवाणी आणि दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. घरात दौलत एकच होती, पणजोबांनी घातलेला निळीचा रांजण. तो जिवंत होता. रोज गूळ-चुन्याचा घास खायचा, जांभळा फेस धरायचा आणि कापडाला आभाळाचा रंग द्यायचा.

पाणी कुमुद आणायची, रांजण कुमुद ढवळायची. पण घास घालायची वेळ झाली की तिचे आजोबा, आबा, तिला बाहेर काढून दाराला कडी लावत. मुलगी परघरी जाणार, तिच्याबरोबर घराची विद्याही जाईल, असं त्यांचं म्हणणं. विद्या दिली होती चुलतभाऊ दामूला, आणि त्याला हाताला नीळ लागलेली खपत नसे. आबांना म्हातारपणी वास येईनासा झाला होता. घास किती घालायचा ते वासावरून ठरे, म्हणून रांजणाचा वास कसा आहे ते दामूला विचारत, आणि दामू लांबूनच झकास म्हणे.

झकास काही नव्हतं. कापड चिखलासारखं निघत होतं. गिऱ्हाईक तुटलं होतं, चुलीवर नुसती पेज शिजत होती. रांजण उपाशी मरतोय, हे कुमुदला वासावरून कळत होतं. तिने तीनदा सांगितलं. दामू हसून म्हणाला, "हिच्याशी रांजण बोलतो वाटतं."

आज पुन्हा कडी लागली. कुमुदने परसातल्या बादलीला रागाने लाथ मारली. तेवढ्यात गोकर्णीच्या वेलाखाली काहीतरी चमचमलं. सांडलेल्या निळीच्या थेंबात बोटाएवढी परी चिकटली होती. कुमुदचा राग तसाच होता, पण बोटं हळुवार झाली. आपल्या पिण्याच्या पाण्याने तिने ते इवलेसे चंदेरी पंख धुतले.

"दव वाळायच्या आत तीन इच्छा माग," परी म्हणाली. "कुणाचं वाईट मागायचं नाही. कुणाचं मन फिरवायचं नाही."

"दामूदादाची जीभ निळी होऊ दे."

"हे वाईटच झालं. एक गेली."

"मग आबांनी मला आत घ्यावं."

"हे मन फिरवणं. दुसरीही गेली. रागावू नकोस असं नाही म्हणणार मी. या बंद दाराचा राग मलाही आलाय."

पानांवरचे मोती भराभर वाळत होते. नवा परकर मागावा, की तूप-भात? कुमुदने बंद दाराकडे पाहिलं.

"माझं राहू दे. रांजण आज मरू नये."

"आजचा दिवस जगेल. पुढचं तू बोल, तुझ्या तोंडाने."

कुमुदने दोन्ही मुठींनी दार बडवलं, ते उघडेपर्यंत.

"आबा, मी परघरी जाईन तेव्हा जाईन. हा रांजण त्याच्या आधी जाईल. तुम्ही विद्या माझ्यापासून लपवलीत, आणि ज्याला दिलीत तो साधा वाससुद्धा घेत नाही."

आबांनी दामूला रांजणात कोपरापर्यंत हात घालून बघायला सांगितलं. दामू आपल्या पांढऱ्याशुभ्र बाह्यांकडे बघत राहिला. आबांची मान खाली गेली. मग ते बाजूला सरकले आणि गूळ किती, चुना किती, ते कुमुदला मोठ्याने सांगू लागले.

कुमुदने घास घातला. जांभळा फेस फुलला. बुडवलेलं कापड पोपटी निघालं आणि वाऱ्यावर बघता बघता निळंभोर झालं.

"वास कसा आहे, बाळ?" आबांनी विचारलं.

ती अजून रागावलेलीच होती, पण तिने उत्तर दिलं. "बरा आहे. संध्याकाळी पुन्हा भूक लागेल त्याला."

"मग संध्याकाळी तूच घाल. रांजण आता तुझा."

फेसाच्या एका बुडबुड्यावर परी बसली होती. बुडबुडा फुटला, लख्ख निळा उजेड घरभर पसरला, आणि त्या उजेडातच परी विरून गेली.