डब्यावरचं नाव

"पण सर, 'माय' आणि 'माइन' यांत मुलं अजून चुकतातच. तुम्ही आम्हाला कसं शिकवलं होतंत?"

विचारणारा उमाकांत सामंत, हसबनीस सरांचा जुना विद्यार्थी. शहरात त्याचे इंग्रजीचे क्लास जोरात चालले होते आणि खरं तर हेच सांगायला तो गावी सरांकडे आला होता. प्रश्न आपला निमित्ताला.

सर निवृत्त होऊन दोन खोल्यांत एकटेच राहत.

"तू कसं शिकवतोस?"

उमाकांतने समोरचा पाण्याचा पेला उचलला.

"असं. धिस ग्लास इज माइन. आणि तुमचा म्हणायचा तर युअर्स."

"म्हणजे हा माझा?"

"तुमच्याच घरात आहे की, सर!"

सरांनी पेला त्याच्या हातातच जरा फिरवला. कडेला बारीक ठिपक्यांत नाव घातलेलं होतं: रुकय्या काझी.

"शेजारच्या. त्यातून खीर आली होती."

पोह्यांच्या ताटलीवर तिसऱ्याच कुणाचं नाव निघालं. उमाकांतला हसू आलं.

"मग तुमची भांडी कुठे आहेत?"

"लोकांकडे."

"पण माझं व्याकरण बरोबर होतं, सर."

"व्याकरण बरोबरच होतं."

...

"आई कशी आहे?" सरांनी विचारलं.

"बरी असेल. या महिन्यात धाकट्याकडे आहे. माझी पाळी पुढच्या महिन्यात." सरांनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो घाईने म्हणाला, "वाटणीत तसंच ठरलं. तंटा नाही काही. भांडीसुद्धा नावं वाचून वाटून घेतली आम्ही."

"तिच्या नावाची?"

"ती..." उमाकांत अडखळला. "निम्मी निम्मी."

...

सर उठले. फळीवरचा एक जुना डबा काढून त्यांनी पंच्याने पुसला आणि त्याच्यापुढे ठेवला.

झाकणावर नाव होतं: सौ. सरोजिनी सामंत.

उमाकांतने तो लगेच ओळखला. संध्याकाळी तो सरांकडे शिकायला यायचा, तेव्हा आई यातूनच आंबोळ्या द्यायची. सरांना घरी करून घालणारं कुणी नाही, म्हणायची.

"इतकी वर्षं इथेच आहे?"

"रिकामा कसा परत पाठवायचा? आणि मला काही करता येत नव्हतं. राहूनच गेलं. वाईट वाटतं मला त्याचं."

सरांनी डब्यात ओले काजूगर भरले आणि झाकण घट्ट लावलं.

"हा तिला दे."

उमाकांतने डबा मांडीवर घेतला. क्लासचं बोलणं त्याच्या लक्षातही राहिलं नव्हतं. झाकणावरच्या ठिपक्यांवरून त्याचा अंगठा फिरत होता.

"सर, धाकट्याकडे दिला तर त्याच्या भांड्यांत जाईल. माझ्याकडे ठेवला तर माझ्या. कुठे नेऊ मी हा?"

...

"तिलाच विचार, तिचं घर कोणतं."