जोडीतला दुसरा शब्द

त्या दिवशी वारा म्हणून नव्हता. चैत्र संपत आलेला, दहा वाजायच्या आतच डांबर मऊ पडलं होतं, आणि फाउंड्रीचा धूर वर न जाता गल्लीतच बसून राहिला होता.

"आणि 'डीपली'च्या मागनं काय येतं म्हणालास?" येसबानं विचारलं.

"रिग्रेट, आबा. डीपली रिग्रेट. म्हणजे फार वाईट वाटतं."

"नुसतं वाईट वाटून चालत न्हाई व्हय?"

"नुसतं कोण लिहितं? अडाणी दिसतं."

हेमंत फाउंड्रीच्या ऑफिसात पत्रं लिहायचा. येसबा त्याच्या शेजारचा म्हातारा, दारातच चपला शिवत बसायचा. अक्षरओळख नाही. पण हेमंत दुसरीत पाढे पाठ करायचा तेव्हापासून ते ऐकून घ्यायचं काम येसबाचंच. पोरगं कुठं अडखळलं ते म्हातारा बरोबर ओळखायचा.

अलीकडं पाढ्यांच्या जागी इंग्रजी जोड्या आल्या होत्या. क्लासच्या सरांनी सांगितलं होतं, धंद्याच्या इंग्रजीत शब्द एकटा हिंडत नाही, त्याचा सोबती ठरलेला असतो. जोड्या पाठ करा, पत्र आपोआप लिहून होतं. हेमंतला चारशे जोड्या पाठ होत्या. साहेब त्याला 'डिक्शनरी' म्हणत, आणि ते त्याला आवडायचं.

"आज कुठलं पत्र?"

"सर्जेरावचं. अकराच्या आत मोठ्या ऑफिसला जायचंय."

सर्जेराव भट्टीवरचा. चार दिवसांपूर्वी वितळलेलं लोखंड त्याच्या पायांवर सांडलं. काल तो गेला.

"वाच."

हेमंतनं खिशातनं कागद काढून वाचला. मग मराठीत सांगितलं. कामगारानं कंपनीचे बूट घातले नव्हते, चपलेवरच भट्टीशी गेला. म्हणून शेवटी, 'ह्यूमन एरर'.

"म्हणजे?"

"ह्यूमन म्हणजे माणूस, एरर म्हणजे चूक. पक्की जोडी आहे, आबा. एक लिहिला की दुसरा आपसूक येतो."

"चूक कुणाची?"

"त्याचीच की."

"मग त्याच्या बायकोला..."

"भरपाई काही मिळायची नाही." हेमंत खाली बघत म्हणाला. "ते मी ठरवत नाही, आबा. मी फक्त चांगलं लिहितो."

येसबानं आरी खाली ठेवली. मागं हात घालून गोणपाटाखालनं बुटांची जोडी काढली. कंपनीचे बूट. तळ जळून आरपार भोक पडलेलं.

"त्याचे. भाजायच्या आदल्या दिशी टाकून गेला. मी म्हणालो, उद्या सकाळी ने. ...सकाळी माझा दोरा संपलावता."

हेमंतनं हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला.

"तिसऱ्यांदा आलते शिवायला. म्हणालो, लेका, नवं मागत का न्हाईस? तर म्हणाला, मागितलेत, उत्तर आलंय. इंग्रजीत हाय."

म्हाताऱ्यानं बुटात बोटं घातली आणि घामानं काळी पडलेली घडी ओढून काढली. भोकावर बसवलेले तीन कागद.

"ही कुठली जोडी, सांग."

हेमंतनं घडी उलगडली. तिन्ही कागदांवर एकच ओळ. खाली हेमंतचीच सही.

"अंडर... कन्सिडरेशन."

"म्हणजे?"

"विचार चालू आहे."

"व्हता का?"

इंग्रजीत उत्तर दिलं की माणूस पुन्हा विचारायला येत नाही, हे हेमंतनंच साहेबांना एकदा हसत हसत सांगितलं होतं. साहेबही हसले होते.

"आबा, खरं लिहिलं तर माझी नोकरी जाईल."

"घाल."

"काय?"

"बूट घाल. काल मी घालून बघितलेत. तुला बी येतील."

हेमंतनं बूट घातले.

"आता रस्त्यावर हुबा ऱ्हा."

तो डांबरावर जाऊन उभा राहिला. कागद निघालेल्या भोकातनं चटका सरळ तळव्याला लागला. त्यानं पाय उचलला...

"उचलू नको. म्हण आता. तुझी पक्की जोडी."

समोरच्या दारातल्या बायका बघायला लागल्या. कुणीतरी हसलं. हेमंतनं दात आवळून पाय खाली टेकला.

"ह्यूमन..."

पुढचा शब्द येईना. चारशे जोड्या पाठ असलेला माणूस भर रस्त्यात तोंड उघडून तसाच उभा राहिला.

येसबानं आरी उचलली, दोरा दातात धरला, आणि मान वर न करता म्हणाला,

"बास. माणसापाशी थांबलास. तिथनं पुढं लिही."