साळुंकी आधी बोलते

एका राज्यात साक्षीपुराव्याआधी पाखरू बोलायचं. राजसभेच्या तुळईवर एक साळुंकी बसे. आरोपी समोर आला की ती त्याचे जुने गुन्हे सांगे, आणि ती कधी खोटं बोलत नसे. मग साक्षीदार बोलत. मग पाच पंच घड्यात खडा टाकत, सुटकेचा पांढरा, शिक्षेचा काळा. पंचांत थोरली होती म्हाळसाबाई. मनाची मऊ, पण पाखरावर तिचा भारी विश्वास.

एके दिवशी बुरुजावरून राजाचा नीलमणी चोरीला गेला. मणी शापित होता. त्याच्यापायी निरपराधाला शिक्षा झाली, तर नदी जागच्या जागी थांबणार होती. शिपायांनी रायबाला धरून आणलं. साळुंकी म्हणाली, "यानं घोडा चोरला. यानं तोडे चोरले." रायबाने मान खाली घातली, कारण ते खरं होतं. पहारेकरी साक्ष देऊ लागला, पण म्हाळसाबाईने काळा खडा केव्हाच मुठीत धरला होता. पाचही खडे काळे निघाले. राजाच्या मांत्रिकाने रायबाला झाड होण्याची शिक्षा दिली. त्याच्या पायांवर साल चढू लागली, आणि नदी थांबली.

रायबा निर्दोष होता, हे म्हाळसाबाईला कळून चुकलं. ती तडक मांत्रिकाकडे गेली.

"उःशाप सांगा."

"पडद्याआड तिघे बसतील. साक्ष ऐक, हवं ते दाखवायला सांग. कोण आहे, पूर्वी काय केलं, हे विचारू नकोस. तिन्ही न्याय खरे ठरले तर रायबा सुटेल. एक जरी चुकला, तर तूही झाड होशील."

"कबूल."

पहिल्यावर कोकरू पळवल्याचा आळ होता. चोर कुंपणाच्या ज्या भोकातून शिरला ते होतं वीतभर, आणि पडद्याआड आरोपीच्या भाराने पाट करकरत होता. तिने पांढरा खडा टाकला. पडदा सरला. आत वाघ होता, जन्मात एकदाच निर्दोष, बिचारा!

दुसऱ्यावर ज्वारी चोरल्याचा आळ होता. "तोंड उघड," ती म्हणाली, तसे दाणे पडद्याखालून घरंगळत आले. तिने काळा खडा टाकला. आत गरीब चेहऱ्याचा पारवा होता.

तिसऱ्याची साक्ष अशी: चोर दोर धरून, हातावर हात टाकत सरसर वर चढला. 'कोण रे तू?' असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने जीभ चावली.

"हात दाखव."

पडद्याच्या फटीतून उजवा हात बाहेर आला. चुन्याच्या भट्टीत भाजलेला, बोटं एकमेकांना चिकटलेली. त्या हाताला दोर काय, दोरासुद्धा धरता आला नसता. तिने पांढरा खडा टाकला.

पडदा सरला. आत रायबा होता. साल त्याच्या छातीला भिडली होती, ती झरझर गळून पडली. तिकडे नदी खळखळू लागली.

राजा कडाडला, "त्या पाखराची मान मुरगळा!"

"नको, महाराज," रायबा म्हणाला. "ती खोटं बोलली नाही. मी चोर होतोच. तिनं फक्त खडे पडल्यावर बोलावं."

राजाने तसा नियम केला. पुढे नीलमणी राजाच्या भांडाऱ्याच्या घरात सापडला. साक्षी झाल्या, पाचही खडे काळे निघाले. मग साळुंकीला विचारलं. "याचं मला काहीच ठाऊक नाही," ती म्हणाली. पहिलाच गुन्हा म्हणून राजाने त्याला झाड केलं नाही, राज्याबाहेर घालवलं.

रायबा घरी निघाला, तेव्हा म्हाळसाबाई त्याच्याबरोबर वेशीपर्यंत गेली.

"रायबा, हा हात त्या दिवशीच का नाही रे दाखवलास?"

"दाखवला होता, बाई. तुम्ही वर पाखराकडं बघत होता."

म्हाळसाबाईने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि भर रस्त्यात ती ढसाढसा रडली.