जिथे जामीनदार, तिथे ताई

ही गोष्ट कोणाला सांगायची नाही, असं आईने बजावलं होतं. पण मामाचा काजूचा कारखाना आता सुरू झालाय. त्यामुळे सांगितली तर फारसं बिघडणार नाही, असं मला वाटतं.

“जामीन राहायचं म्हणजे नुसतं नावापुरतं. त्यात विचारायचं काय, बापू?”

असं अवधूतमामा म्हणाला. तो आईचा धाकटा भाऊ. बापू तिरोडकर जुने वकील. कोर्टात जाणं त्यांनी सोडलंय, पण लोक कागद घेऊन त्यांच्या पडवीत येतात. मामा शाळेत असताना त्यांच्याकडेच शिकायला जायचा.

बँक मामाला कारखान्यासाठी कर्ज देणार होती. जामीनदार आई. सही करण्याआधी बापूंना दाखवूया, एवढंच आई म्हणाली होती. मामाला ते लागलं होतं.

“तू वाचलास कागद?”

“दोनदा. बी.कॉम. आहे मी.”

“मग मोठ्याने वाच. फक्त एक कर. जिथे जामीनदार येईल, तिथे ताई म्हण.”

मामा हसला. “शाळेतल्यासारखं?”

“शाळेत तू बरा वाचायचास.”

मामा भरभर वाचू लागला.

“कर्जदाराने हप्ते थकवल्यास संपूर्ण रक्कम ताईकडून वसूल करता येईल. त्यासाठी आधी कर्जदारावर कारवाई करण्याचे बंधन बँकेवर राहणार नाही...”

त्याचा वेग कमी झाला.

“कर्जदाराने पुढे घेतलेल्या कर्जांनाही ताई जबाबदार राहील. तारण म्हणून ताईचे... राहते घर...”

“ऐकू येत नाही,” बापू म्हणाले.

मामाने कागदाची घडी घातली. पुन्हा उलगडली.

आई माझ्याकडे बघत होती. बाबा गेल्यापासून त्या घरात आम्ही दोघीच राहतो.

“घर काढायला सांगतो त्यांना,” मामा हळूच म्हणाला. “पुढची कर्जंसुद्धा. जामीन या एकाच कर्जापुरता, तोही आकडा घालून. असं सांगता येतं का, बापू?”

“विचारलंस कधी?”

“नाही.”

“पत्र मी लिहून देतो. पण बँक नाही म्हणाली तर?”

“तर एकच मशीन घेईन. माझ्या ऐपतीत बसेल तेवढं.” मामा उठला. “नाहीतर सहीच नको. ताई, चल घरी.”

तो खरंच निघाला होता. पायात चपलाही घातल्या होत्या.

बापूंनी चष्मा काढला आणि आईकडे वळून म्हणाले, “आता याला जामीन राहायला हरकत नाही.”

मामा पायरीवरच थांबला. त्याला काही कळेना. आईला मात्र हसू आलं, आणि तिने बापूंना... आई हाक मारतेय. आले गं