हौसाबाईने निवडलेली पिलं

राजेसाहेबांच्या खुराड्यातली सगळी पिलं एका सकाळी आरवली! एक नाही, दोन नाही, झाडून सगळी!

राजेसाहेब अंथरुणातून उठून तडक खुराड्यापाशी आले. कोंबड्या राखणारी हौसाबाई तिथे कपाळाला हात लावून उभी होती.

"हौसे, ही अंडी देणार होती ना?"

"होती, सरकार. आता बांग देतायत."

दुसरं काय सांगणार? तीन महिन्यांपूर्वी दिवाणजी म्हणाले होते, पिलं उबवणीघरातून आणू, तिथला मालक माद्या निवडून बंद पेटीत देतो. तेव्हा हीच बया गरजली होती, "न बघता पेटी घ्यायची? नवरा न बघता केला तेवढं पुरे झालं!" आणि गेली पेंड-बियाण्याच्या दुकानात. टोपल्यात हात घालून एकेक पिलू स्वतः पारखलं. जे धावत पुढे आलं, ज्याने बोटाला चोच मारली, ज्याचे पाय जाड, तेच उचललं. "असं तिखट पाहिजे, माझ्यासारखं!" गरीब बापड्या माद्या कोपऱ्यात अंग चोरून बसल्या होत्या, त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अक्कल पाजळून घरी आणले ते सगळे कोंबडे!

राजेसाहेब हट्टाचे पक्के. "तू शब्द दिलास, ही पिलं अंडी देतील. मग देऊ देत! पौर्णिमेला यांच्याच जिवावरची अंडी माझ्या ताटात पाहिजेत. नाहीतर चाकरी गेली, आणि वेशीपर्यंत तुझी वाजतगाजत वरात!"

दिवाणजी उपरण्याआड हसले.

हौसाबाईने आधी दुकानदाराला शिव्या दिल्या, मग उरलेल्या स्वतःला. मग कोंबडे डालग्यात घातले आणि उबवणीघर गाठलं. तिथला मालक दारातच होता.

"या हौसाबाई! माझी पेटी न बघता नको म्हणणाऱ्या तुम्हीच ना?"

"मीच. हसायचं ते हसून घ्या, पण आधी डालग्यात बघा."

मालकाने वाकून पाहिलं आणि हसायचं विसरला. "अहो, काय रग आहे! माझे कोंबडे म्हातारे झालेत, निम्मी अंडी फळत नाहीत."

"मग घ्या की! एका कोंबड्याला एक कोंबडी, अंड्यावर आलेली."

"दिल्या! बाई, निवड मात्र जबरी हां तुमची."

"पुढच्या खेपेला मीच निवडते. मी उचललेली तिथेच ठेवायची आणि उरलेली घरी न्यायची!"

पौर्णिमेला ताटात अंडी आली. राजेसाहेबांनी भुवया चढवल्या. "ही तर बदलून आणलेल्या माद्यांची! मी आरवणाऱ्यांकडून मागितली होती!"

"सरकार, माझ्या भावाच्या रानात ज्वारी पिकते. सारा म्हणून तुम्ही काय घेता?"

"रुपये."

"कणसाला रुपये लागलेले कधी पाहिलेत? ज्वारी बाजारात जाते, रुपये तुमच्याकडे येतात, आणि दिवाणजी म्हणतात, रानाने सारा दिला! रान रुपये देतं, तर माझ्या कोंबड्यांनी अंडी दिली म्हणायला जीभ का अडखळावी?"

दिवाणजींचं उपरणं गळून पडलं. राजेसाहेब असे हसले, असे हसले, की ठसकाच लागला! मनगटातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी हौसाबाईच्या हातात ठेवलं.

"दिवाणजी, हिच्या भावाचा सारा कायमचा माफ करा! नाहीतर पुढच्या वर्षी ही कोंबडे घेऊन सारा भरायला येईल!"