कलावतीचं वळण

खडकोंडीची टेकडी चढायला रस्ता पाऊण मैलाचा. निम्मा चढ सरळ आहे. मग उजव्या हाताला एक काळा कातळ येतो, आणि रस्ता त्याला वळसा घालून एकदम उभा चढतो. वर टेकाईचं ठाणं आहे, शेंदूर लावलेली गुडघाभर उंचीची शिळा. तिथून रस्ता पलीकडे उतरून महामार्गाला मिळतो.

कातळाच्या त्या वळणाला कलावतीचं वळण म्हणतात. गावात लग्न होऊन आलेली नवरी टेकाईच्या पाया पडायला नवऱ्याच्या मोटारसायकलवरून निघते आणि या वळणावर उतरते. नवरा तसाच पुढे जातो, मागे बघत नाही. उरलेला चढ तिनं एकटीनं चालायचा. सोबत ना सासू, ना नणंद. हातात नारळ, आणि पायात लग्नातली नवी चप्पल असेल तर तिचं नशीब.

बाहेरच्यांना याचं नवल वाटतं. रविवारी जुन्या गाड्यांचे शौकीन येतात, जाड जाकिटं घालून, गावातल्या बंद पडलेल्या मोटारसायकल कारखान्याच्या फाटकाचे फोटो काढायला. एखादी नवरी चालताना दिसली की विचारतात, "काय हो, गाडी ओढत नाही का?" मग त्यांना दगडूतात्यांकडे पाठवतात. तात्या माझे चुलत आजेसासरे. कारखान्याच्या रंगखात्यात त्यांनी एकतीस वर्षं पेट्रोलच्या टाक्या रंगवल्या. पाहुणे ओट्यावर बसले की तात्या आत बघून म्हणतात, "सूनबाई, चहा." म्हणजे गोष्ट सुरू होणार. लग्नाला चार महिने झाले आणि मी ती सात वेळा ऐकली आहे.

गोष्टीतलं निम्मं तात्यांनी डोळ्यांनी बघितलेलं आहे. तरी ते 'असं सांगतात' आणि 'म्हणे'च म्हणतात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मी बघितलं म्हटलं की लोक उलटतपासणी घेतात. म्हणे म्हटलं की गप ऐकतात."

तर असं सांगतात, की देश स्वतंत्र होऊन दहाबारा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. दाजीसाहेब इनामके विहिरीवरच्या पंपांची इंजिनं बनवायचे. त्यांनी मनात घेतलं की मोटारसायकल बनवायची, पहिल्या नटापासून शेवटच्या नटापर्यंत इथली. दोन वर्षं खपून एक गाडी उभी केली. ती सपाटीवर छान चालली. टेकडीच्या वळणावर मात्र दोनदा बंद पडली. लोक हसले. म्हणाले, "इनामक्यांच्या पंपाला चाकं फुटली, पण पाणी काही चढेना." तेव्हा दाजीसाहेब टेकाईला नवस बोलले, की तिसऱ्या खेपेला गाडी चढू दे, मग कारखान्यातून निघणारी प्रत्येक गाडी आधी दोन माणसांसकट तुझ्या पायाशी आणीन, नंतरच गिऱ्हाइकाला देईन. दोन माणसं का, तर आपल्याकडे मोटारसायकल एकट्यासाठी कुणी घेत नाही.

तिसऱ्या खेपेला गाडी चढली. तिचं नाव ठेवलं वनराज.

नवस त्यांनी पाळला. दिवसाला पाच गाड्या निघत तेव्हा पाच चढायच्या, पन्नास निघायला लागल्या तेव्हा पन्नास. जाहिरातीत एवढंच लिहीत: 'टेकडी चढलेली गाडी.' मागणी अशी, की मुलगा मॅट्रिकला बसला की बाप वनराजसाठी नंबर लावायचा. पोरगा नोकरीला लागेपर्यंत गाडी दारात यायची.

चाचणीला गाडी चालवायचा निवृत्ती लोहकरे. मागे बसायला आधी एकेका खात्यातला माणूस पाठवत. पण कुणी हडकुळा, कुणी दीडशे पौंडी, आणि ज्याला पाठवावं तो वर जाऊन विडी ओढत बसायचा. निवृत्ती दाजीसाहेबांना म्हणाला म्हणे, "आमच्या मंडळींचं वजन लग्नापासून एकशे दहा पौंड आहे. कमी नाही, जास्त नाही. हजेरीवर घ्या." दाजीसाहेब हसले आणि घेतलं. अशी कलावती कारखान्यात लागली. काम एकच: नवऱ्यामागे एका बाजूला पाय सोडून बसायचं, वर जायचं, खाली यायचं, दुसऱ्या गाडीवर बसायचं. गाव बघतच राहिलं. तिची सासू म्हणायची, "आमच्या सुनेची रोज वरात निघते, तीही पगारी."

आता निवृत्तीचं घर दोन खोल्यांचं, आणि त्यात माणसं नऊ. नवराबायकोला एकमेकांशी बोलायला घरात जागा नव्हती. ती मिळाली टेकडीवर. दिवसातून तीसचाळीस वेळा, प्रत्येक वेळी पाच मिनिटं. पण वनराजचा आवाज असा, की कानात ओरडल्याशिवाय ऐकू येत नसे. त्यामुळे त्यांचा संसार सगळ्या टेकडीला ऐकू जायचा.

"धाकट्या वन्सं रुसल्यात!"

"कुणावर?"

"तुमच्यावर!"

"मी काय केलं?"

"तेच म्हणत्यात, काही करत नाही!"

शेरडं राखणारी माणसं हसून लोळायची. तात्या सांगतात, "एकदा ती सबंध चढ गप होती आणि वर पोचल्यावर एवढंच म्हणाली, 'आज काही नाही, नुसतं बसायचं होतं.' तेही ऐकू आलं म्हणे, कारण निवृत्तीनं इंजिन बंद केलं होतं." इथं पाहुणे हसायचे थांबतात. मी कपबशा उचलते.

अशी बावीस वर्षं गेली.

मग परदेशी धाटणीच्या हलक्या गाड्या बाजारात आल्या. एका लिटरला वनराज जेवढं जायची, त्याच्या अडीचपट त्या जात. नंबर लावणारे नंबर रद्द करायला लागले. कारखान्याच्या तीन पाळ्यांची एक झाली. रंगखात्यात सोळा माणसं होती, तिथं पाच उरली. दाजीसाहेबांचे चिरंजीव शशिकांत बाहेरून शिकून आले होते. त्यांना सगळे धाकटे साहेब म्हणत. ते महिनाभर कागद चाळत बसले आणि एक दिवस वडिलांना घेऊन खिडकीशी उभे राहिले.

"बाबा, चूक ती आहे," म्हणाले, आणि बोट टेकडीकडे केलं.

त्यांचं म्हणणं असं. प्रत्येक गाडीनं ही टेकडी दोन माणसांसकट चढली पाहिजे, म्हणून इंजिन मोठं ठेवलं, गिअर जड ठेवले, चासी दणकट केली. बावीस वर्षांत जो बदल केला तो ही टेकडी डोळ्यापुढे ठेवून. "आपण सगळ्या देशाला आपल्या टेकडीची गाडी विकली. किती गिऱ्हाइकांच्या दारात ही टेकडी आहे? माणूस सपाट रस्त्यानं कामाला जातो. त्याला पेट्रोल पुरवणारी गाडी पाहिजे."

असली चूक बाहेरचा कुणी करणार नाही. ती करायला माणसाला आपल्या गावाची टेकडी जगातली सगळ्यात मोठी वाटावी लागते.

धाकट्या साहेबांनी हलकी गाडी तयार केली. कामगार तिला चिमणी म्हणायला लागले. सपाटीवर दोघांना घेऊन ती भुर्र जायची. बँकेची माणसं येऊन बघून गेली. महिन्याभरात गाडी बाजारात आली तर कारखाना चालणार, नाहीतर कुलूप, असं ठरलं. सव्वाचारशे माणसं होती. पण दाजीसाहेब नवसावर अडून बसले. "दोघांना घेऊन वर आली नाही तर फाटकाबाहेर जाणार नाही. देवीशी बोललोय, बँकेशी नाही." खूप विनवण्या झाल्या. शेवटी एवढंच कबूल केलं, की पहिल्या गाडीला देवीनं तीन खेपा दिल्या होत्या, हिलाही तीन.

त्या दिवशी सगळा कारखाना चढावर उभा होता. वर ठाण्यापाशी दाजीसाहेब, हातात नारळ. नियम असा, की चालवणाऱ्याचा पाय जमिनीला लागला तर खेप बाद.

पहिल्या खेपेला चिमणी वळणावर धापा टाकून बंद पडली. दुसऱ्या खेपेलाही तिथंच. निवृत्तीनं गाडी खाली आणली. कलावती लोकांकडे बघत होती म्हणे. रंगखातं, जोडणी, ओतशाळा, एकेकाकडे. मग म्हणाली, "चला."

तिला काय कळलं होतं ते कुणी तिला विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. पण बावीस वर्षं त्या सीटवर बसलेली बाई. गाडीची ताकद तिच्याइतकी कुणाला कळणार? एका माणसाला चिमणी वर नेईल, दोघांना नेणार नाही, हे तिनं दोन खेपांत ओळखलं. आणि एकदा का चिमणी एका माणसावर पास झाली, की टेकडीवर मागच्या माणसाचं काम कायमचं संपलं, हेही तिला कळत होतं. पुन्हा त्या दोन खोल्या आणि नऊ माणसं.

तिसऱ्या खेपेला चिमणी वळणावर आली, चाक अडखळलं, इंजिन मरायला लागलं. तेव्हा कलावतीनं लुगडं सावरलं आणि एसटीतून उतरावं तशी ती शांतपणे खाली उतरली. गाडी उसळून पुढे गेली.

निवृत्तीला कळलं नसेल असं नाही. मागचे एकशे दहा पौंड गेलेले त्याला कळणार नाहीत तर कुणाला? पण थांबला असता तर पाय टेकावा लागला असता. तो थांबला नाही. मागे बघितलं नाही. वर जाऊन शिळेपाशी गाडी उभी केली आणि हँडल धरून नुसता बसून राहिला.

ती मागून चालत आली. एवढी माणसं होती, पण तिच्याबरोबर एकही चाललं नाही. काय म्हणून चालणार?

ती वर आली तेव्हा दाजीसाहेबांच्या हातात नारळ तसाच होता. म्हणाले, "कलावती, आता मी देवीला काय सांगू?"

ती म्हणाली, "सांगा, एक बाई चालत आली. देवी पण बाईच आहे. तिला कळंल."

दाजीसाहेब शिळेकडे वळले. मग नारळ फोडला.

चिमणी बाजारात गेली आणि खपली. कारखाना आणखी चौदा वर्षं चालला. पुढे काय झालं ते तात्या भराभर सांगतात: धाकट्या साहेबांनंतर वाटण्या झाल्या, दुसऱ्या कंपन्या फार पुढे गेल्या, एक दिवस फाटक लागलं ते लागलं. पाहुण्यांनाही त्यात रस नसतो.

देवीनं चालवून घेतलं असं धरून चिमणीच्या चाचणीला पुढे एकच माणूस जायचा. कलावतीला चाकाच्या तारा ओवायच्या खोलीत काम दिलं. खोलीला एक खिडकी, पण उंचावर. तिच्यातून फक्त आभाळ दिसायचं. तिथं बारा बायका होत्या, गाणी म्हणायच्या, थट्टा करायच्या. कलावती सगळ्यांत मिसळून असायची, पण एखादी गाडी टेकडी चढायला लागली की तिचा हात थांबायचा. सुरुवातीला कुणाला कारण कळेना. मग बायकांनी कान दिला.

एका माणसाला घेऊन चिमणी तो चढ दुसऱ्या गिअरमध्ये सहज चढायची. पण निवृत्ती वळणावर आला, बरोबर ती उतरली होती त्या जागी, की गाडी पहिल्या गिअरमध्ये घ्यायचा. आवाज एकदम चढायचा, क्षणभर तसाच राहायचा, मग उतरायचा. जणू मागे कुणी बसलं आहे आणि गाडीला जड जातं आहे. प्रत्येक गाडी, दिवसाला चाळीसपन्नास, चौदा वर्षं.

नव्या इंजिनिअरनं त्याला झापलं म्हणे. "लोहकरे, इथं पहिल्या गिअरची गरज नाही. क्लच उगाच झिजतो."

"गाडीला नसंल, साहेब," निवृत्ती म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी तेच केलं.

ती दोघं पुढे काय बोलली, किती बोलली, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. चिमणीचा आवाज बारीक. ओरडावं लागत नव्हतं, आणि ओरडायला मागे कुणी नव्हतंही. तात्या इथं थांबतात. पाहुणे उठतात, वळणावर जाऊन फोटो काढतात.

तात्या जे सांगत नाहीत ते मला इथं राहून समजलं. कारखाना गेल्यापासून गावातले पुरुष चाकणला, रांजणगावला कामाला आहेत, दुसऱ्यांच्या गाड्या जोडायला. तिथं खोल्या करून राहतात. शनिवारी येतात, सोमवारी उजाडताना जातात. माझे हेही त्यातलेच. आठवड्याचं बोलणं दीड दिवसात होत नाही. निम्मं सासूबाईंसमोर होतं, म्हणजे होतच नाही.

आजही नवरी त्या वळणावर उतरते आणि चालत चढते. आजही सोमवारी सकाळी साठसत्तर मोटारसायकली एकामागून एक टेकडीला लागतात. गाड्या आता एवढ्या ताकदीच्या आहेत, की तिघांना घेऊनसुद्धा तो चढ त्यांना कळणार नाही. तरी वळणावर प्रत्येक जण गाडी पहिल्या गिअरमध्ये घेतो. गावात त्या वेळी डब्यांची, चहाची, पाण्याची घाई असते. पण घरोघरी मिक्सर थांबतात, नळ बंद होतात, कुकरची शिट्टी पळीनं धरली जाते. प्रत्येकीला आपल्या गाडीचा आवाज ओळखू येतो. मला ओळखायला पाच सोमवार लागले.

तो आवाज चढतो, क्षणभर तसाच राहतो, आणि उतरतो. मग मिक्सर सुरू होतात.